कोंबड्यांचे शेड आणि जिवाणूंचा जहालपणा

(वाशीम जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस कारंजा तालुक्यातील खेर्डा गावाचे नाव अकस्मात राज्यभरच्या वृत्तपत्रांत आले. तेथील एका कुक्कुटपालन केंद्रातील सहा हजारांहून अधिक कोंबड्या अवघ्या काही दिवसांत मरून पडल्या होत्या. नमुने तपासणीस गेले, बर्ड फ्लूचे निदान झाले आणि शासनयंत्रणा हालली. महाराष्ट्राला हा अनुभव नवा नव्हता. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे या रोगाची देशातील पहिली नोंद झाली, तेव्हापासून खड्डे, चुना आणि पांढरे अंगरखे घातलेली माणसे हे दृश्य आपल्या परिचयाचे झाले आहे. या दृश्यामागील एक बाब मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. भरपाई मिळते ती शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची. निदान होण्यापूर्वी रोगानेच मेलेल्या पक्ष्यांची नव्हे. मरतूक जितकी झपाट्याने होईल तितका शेतकरी उघडा पडतो.

बर्ड फ्लू हा विषाणूंचा रोग आहे आणि विषाणूंवर प्रतिजैविकांचा, म्हणजे आपण ज्यांना अँटिबायोटिक म्हणतो त्या औषधांचा, काडीइतकाही उपयोग होत नाही. तरीही कोणत्याही शेडमध्ये मरतूक वाढू लागली की पहिला हात जातो तो औषधाच्या पुडीकडेच. पाण्याच्या टाकीत ती पुडी मिसळली जाते आणि सबंध शेड, आजारी आणि निरोगी असा भेद न करता, तेच पाणी पिते. रोग विषाणूचा असेल तर कोंबड्या मरायच्या त्या मरतातच. शेडमधील जिवाणूंना मात्र औषध पचविण्याची तालीम मिळते. खेर्ड्यासारखी घटना वृत्तपत्रात येते, या तालमीची बातमी कधी येत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय ही बातमी न होणारी गोष्ट आहे, आणि त्यातही एक नेमका प्रश्न: औषधाला दाद न देणारा जिवाणू अधिक जहाल होतो काय?

पुणे, नाशिक या भागांच्या मानाने वाशीम हा काही कोंबड्यांचा जिल्हा नव्हे, मग हा प्रश्न येथे कशासाठी, असे कोणी विचारील. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा ओळखला जातो तो सोयाबीनसाठी. पण सोयाबीन आणि कोंबडी यांची गाठ पक्की आहे. सोयाबीनचे तेल काढल्यावर उरणारी पेंड हेच कोंबडीखाद्यातील प्रथिनांचे मुख्य साधन. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने कुक्कुट उद्योगाच्या मागणीवरून बारा लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करण्यास मुभा दिली, तेव्हा रिसोड-मालेगावच्या शेतकऱ्याला या नात्याचा अर्थ बाजार समितीच्या ओट्यावर कळला. दुसरीकडे, सोयाबीनवर भागत नाही म्हणून जोडधंदा शोधणारा तरुण कर्ज काढून शेड उभारतो. म्हणजे एकाच घरातील एक भाऊ पेंडीचा भाव वाढावा म्हणून देव पाण्यात ठेवतो आणि दुसऱ्याच्या धंद्याला ती पेंड स्वस्त हवी असते. आणि शेडमधून निघालेले कोंबडखत पुन्हा त्याच घरच्या वावरात पडते. तेव्हा शेडमध्ये जे घडते ते शेडमध्येच राहते, ही समजूत पहिल्याप्रथम सोडून दिली पाहिजे.

करार पद्धतीच्या मांसल कुक्कुटपालनात पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे आणि पक्षी विकण्याचा दिवसही कंपनी ठरविते. शेतकऱ्याचे काय? जागा, शेड, वीज, पाणी आणि घरच्या माणसांचे श्रम. पस्तीस ते बेचाळीस दिवसांत पक्षी दोन किलोच्या आसपास भरला की किलोमागे ठरलेला पालनखर्च त्याच्या हाती पडतो. मरतूक वाढली किंवा खाद्य अधिक लागले तर त्यात कपात होते. ज्याला मरतुकीची शिक्षा भोगावी लागते त्याला खाद्याच्या पोत्यात कोणते औषध मिसळलेले आहे हे पुष्कळदा माहीतही नसते. अशा अवस्थेत, ‘शेतकरी औषधांचा बेसुमार वापर करतो’ हे शहरी सभासंमेलनांतील वाक्य अर्धेच खरे ठरते. निर्णय एकाचा आणि बोल दुसऱ्याला, असा हा प्रकार आहे.

खाद्यात औषध मिसळण्याची ही रीत आली कोठून, तो इतिहास थोडा बोधप्रद आहे. अमेरिकेतील लेडर्ली या औषधकंपनीच्या प्रयोगशाळेत ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक सापडले आणि १९४८ मध्ये ते जगासमोर आले. त्या संशोधनविभागाचे प्रमुख होते आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव. याच कंपनीतील ज्यूक्स आणि स्टॉकस्टॅड यांना कोंबडीच्या पिल्लांवर प्रयोग करताना असे आढळले की, ऑरिओमायसिनच्या उत्पादनात उरलेला चोथा खाद्यात घातला तर पिल्ले भराभर वाढतात. १९५० साली ही गोष्ट जाहीर झाली आणि रोगाशी काही संबंध नसताना, केवळ वजन वाढावे म्हणून, जनावरांना रोज अल्प मात्रेत प्रतिजैविक चारण्याची प्रथा जगभर रूढ झाली. त्याच सुमारास, १९५४ मध्ये, आपल्या पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. त्यामागे हेतू होता तो गरिबाच्या मुलाला न्यूमोनियात पेनिसिलिन परवडावे हा. माणसाचा जीव वाचविणारे औषध आणि कोंबडीचे वजन वाढविणारे औषध एकाच कुळातले असावे, ही त्या काळी कोणाला विसंगती वाटली नाही. फ्लेमिंगला मात्र धोका दिसला होता. १९४५ च्या आपल्या नोबेल व्याख्यानातच त्याने बजावले होते की, अपुऱ्या मात्रेने जिवाणू मरत नाहीत, ते औषधाला सरावतात. आणि खाद्यातील औषध म्हणजे अपुरी मात्राच, तीही जन्मापासून विक्रीपर्यंत!

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘कोंबडीला औषधाची सवय लागते’ असे सर्रास म्हटले जाते. कोंबडीला सवय लागत नाही. तिच्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू असतात. त्यांतल्या एखाद्याच्या जनुकात योगायोगाने असा बदल झालेला असतो की औषध त्याला मारू शकत नाही. औषध इतरांना मारते आणि त्या एकट्याला रान मोकळे करून देते. काही तासांत त्याची संतती सगळी जागा व्यापते. एवढ्यावरच थांबले असते तरी निभावले असते. परंतु १९५९ च्या सुमारास जपानमधील शास्त्रज्ञांनी हगवणीच्या जिवाणूंचा अभ्यास करताना दाखवून दिले की, ही प्रतिकाराची शक्ती एक जिवाणू दुसऱ्या, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतो. मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएची छोटी कडी जिवाणूत असते, तिला प्लाझ्मिड म्हणतात. हातातली चिठ्ठी शेजाऱ्याला द्यावी तशी ही कडी एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाते, आणि एकाच चिठ्ठीवर चार-पाच औषधांवरचे तोडगे लिहिलेले असू शकतात.

अमेरिकेतील स्टुअर्ट लेव्ही यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात मुद्दाम सांगण्याजोगा आहे. बोस्टनजवळच्या एका कुटुंबाच्या शेतावर त्यांनी कोंबड्यांच्या दोन गटांपैकी एकाला टेट्रासायक्लिन मिसळलेले खाद्य दिले, दुसऱ्याला साधे. थोड्याच दिवसांत पहिल्या गटाच्या आतड्यांतील जिवाणू टेट्रासायक्लिनला जुमानेनासे झाले. पुढे काही महिन्यांत त्या घरातील माणसांच्या आतड्यांतही तसेच जिवाणू सापडले, आणि ज्या औषधांचा खाद्यात लवलेशही नव्हता अशा औषधांनाही ते दाद देईनासे झाले होते. त्या माणसांनी स्वतः औषध घेतलेले नव्हते. शेडमध्ये वावरणाऱ्या, विष्ठा काढणाऱ्या, त्याच हातांनी भाकरी थापणाऱ्या आपल्याकडील बायाबापड्यांना यातून काय बोध घ्यायचा हे वेगळे सांगायला नको.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ‘जहाल’ हा शब्द राजकीय कार्यकर्त्यांना टिळक-गोखल्यांच्या काळापासून परिचित आहे. येथे त्याचा अर्थ निराळा. जिवाणूचा जहालपणा म्हणजे शरीरात शिरण्याची, तेथे तग धरण्याची आणि इजा करण्याची त्याची कुवत. औषधाला न जुमानणे ही दुसरीच गोष्ट. एखादा जिवाणू औषधाला मुळीच न जुमानणारा पण अगदी निरुपद्रवी असू शकतो. दुसरा अतिशय जहाल पण साध्या पेनिसिलिनने मरणारा असू शकतो. या दोन गुणांची लोकांच्या बोलण्यात नेहमी गल्लत होते, आणि दुर्दैवाने काही वेळा जाणकारांच्याही.

या बाबतीत दोन परस्परविरुद्ध मते मांडली जातात. एक मत असे की प्रतिकारशक्ती फुकट मिळत नाही, तिची किंमत मोजावी लागते; म्हणून असा जिवाणू दुबळा होतो आणि औषध थांबविले की आपोआप मागे पडतो. दुसरे मत असे की तो सर्वार्थाने ‘महाजिवाणू’ होतो. वस्तुतः दोन्ही मतांना पुरावा आहे.

पहिल्या मताच्या बाजूने कोलिस्टिनचे उदाहरण पाहावे. हे जुने औषध मूत्रपिंडाला अपायकारक म्हणून माणसांसाठी जवळपास बाजूला पडले होते. पुढे इतर औषधे हरू लागल्यावर अतिदक्षता विभागातील शेवटचे हत्यार म्हणून ते पुन्हा हाती घ्यावे लागले. नोव्हेंबर २०१५ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी डुकरांमधील जिवाणूंत कोलिस्टिन निष्प्रभ करणारे, प्लाझ्मिडवरून फिरणारे एमसीआर-१ हे जनुक शोधून काढले. हे जनुक जिवाणूच्या बाह्य आवरणाची रचनाच बदलते. औषधाला आवरणावर धरायला जागा राहत नाही हे खरे. पण आवरण बदलल्यामुळे जिवाणूचीही ओढाताण होते. जनुकाचे काम जास्त जोरात चालले तर त्याची वाढ खुंटते आणि रोग करण्याची शक्ती कमी होते, असे २०१७ मध्ये दाखविले गेले. त्याच वर्षी चीनने वाढीसाठी कोलिस्टिन चारण्यावर बंदी घातली आणि नंतरच्या पाहणीत डुकरांतील व माणसांतीलही अशा जिवाणूंचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. बंदी घालून उपयोग काय, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

पण म्हणून निर्धास्त होता येत नाही. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये साल्मोनेला या जिवाणूवर प्रयोग केले. याच कुळातील जिवाणू कोंबड्यांत टायफॉइडसारखा रोग करतात आणि माणसांत अन्नविषबाधा. औषधाला दाद न देणारे बहुतेक जिवाणू उंदरांत रोग करण्यास असमर्थ ठरले. म्हणजे किंमत मोजली गेली होती. पण तेच जिवाणू उंदरांमधून पुन्हा पुन्हा नेले तेव्हा त्यांच्यात आणखी छोटे बदल झाले आणि गेलेला जहालपणा परत आला. प्रतिकारशक्ती मात्र कायम राहिली! कर्ज फेडले आणि गहाण टाकलेली जमीनही सुटली, असा हा व्यवहार. असे भाग्य आपल्या शेतकऱ्याच्या वाट्याला क्वचितच येते, जिवाणूंच्या वाट्याला येते.

तिसरे उदाहरण याहून विपरीत आहे. कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू कोंबडीच्या आतड्यात सुखाने नांदतो आणि माणसाला जुलाब करतो. एन्रोफ्लॉक्सासिन या कोंबड्यांच्या औषधाला तो सरावला की सिप्रोफ्लॉक्सासिन या माणसांच्या औषधालाही जुमानीत नाही, कारण दोन्ही औषधे सख्खी भावंडे. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात साधे आणि प्रतिकारक्षम जिवाणू एकत्र करून कोंबड्यांना दिले गेले, औषध अजिबात दिले नाही. अपेक्षा अशी की दुबळा झालेला प्रतिकारक्षम जिवाणू हरेल. प्रत्यक्षात त्यानेच दुसऱ्याला हुसकून लावले. अमेरिकी शासनाने त्याच वर्षी कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सासिनवर बंदी घातली, तरीही हे जिवाणू मागे हटले नाहीत. बंदी योग्यच होती. पण ती उशिरा आली.

सर्वांत चिंताजनक प्रकार आहे तो ई-कोलायचा. या जिवाणूच्या बहुतेक जाती निरुपद्रवी. काही मात्र कोंबडीच्या श्वासमार्गातून रक्तात शिरतात, काळीज आणि हृदय यांवर पांढरट थर चढतो आणि पक्षी मरतो. शेडमधील मरतुकीचे हे नेहमीचे कारण. या जातींजवळ जहालपणाची खास सामग्री असते: रक्तातील लोह ओरबाडून घेणारी द्रव्ये, रक्तातील संरक्षक द्रव्यांपासून बचाव करणारी प्रथिने. ही सामग्री बनविणारी जनुके बहुधा एका मोठ्या प्लाझ्मिडवर असतात. आणि आता असे प्लाझ्मिड आढळले आहेत की ज्यांवर जहालपणाची जनुके आणि अनेक औषधांना निष्प्रभ करणारी जनुके शेजारी शेजारी बसलेली आहेत. याचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. अशा शेडमध्ये टेट्रासायक्लिन दिले तर ते केवळ प्रतिकारक्षम जिवाणू निवडीत नाही. त्याच चिठ्ठीवर लिहिलेला जहालपणाही निवडते. रोग आवरण्यासाठी दिलेले औषध अधिक रोगकारक जिवाणूची पैदास करते. औषधाने प्रत्येक जिवाणू जहाल होतो असे नाही, पण औषधाचा सतत मारा असलेल्या जागी हे दोन गुण एकत्र आलेल्या जिवाणूला इतर कोणापेक्षाही अधिक फायदा होतो. माणसाच्या मूत्रमार्गात रोग करणाऱ्या काही ई-कोलायचे कोंबड्यांतील या जातींशी जवळचे साम्य आहे, ही बाब तर स्त्रियांच्या आरोग्याच्या दृष्टीने फारच गंभीर मानली पाहिजे.

आणि समजा, जहालपणा तसूभरही वाढला नाही, तरी रुग्णाच्या खाटेवरून पाहिले तर फरक काय पडतो? ज्या औषधाने तिसऱ्या दिवशी ताप उतरायचा ते चालत नाही, दुसरे महाग औषध आणावे लागते, मुक्काम वाढतो, मजुरी बुडते. प्रयोगशाळेतील जिवाणू सौम्य राहिला तरी गरिबाच्या घरात तो जहालच ठरतो.

भारतात या संबंधी काय झाले? २०१४ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने राजधानी परिसरातील कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले, त्यांपैकी ४० टक्क्यांत प्रतिजैविकांचे अंश आढळले. २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला. राज्यांपैकी केरळने २०१८ मध्ये स्वतःचा आराखडा सर्वप्रथम केला. २०१८ च्या आरंभी ब्रिटनमधील शोधपत्रकारांनी भारतासह अनेक देशांत जनावरांसाठी शेकडो टन कोलिस्टिन जात असल्याचे उघड केले. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळलेले प्राणी, कोंबड्या, मत्स्यशेती व पशुखाद्य यांसाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री आणि वितरण बंद केले. निर्णय स्वागतार्ह होता. परंतु ब्रिटनमध्ये स्वान समितीने माणसांची औषधे वाढीसाठी जनावरांना चारू नयेत असे १९६९ मध्ये सांगितले होते, आणि युरोपने वाढीसाठीच्या सर्व प्रतिजैविकांवर १ जानेवारी २००६ पासून बंदी घातली होती, हे लक्षात घेता एकेका औषधामागे धावण्याची ही रीत किती संथ आहे हे उघड होते.

कायद्यातील एक नियम तर मासलेवाईक आहे. २०१२ च्या दुरुस्तीनुसार, औषध बंद केल्यापासून पक्षी कापण्यापर्यंत किती दिवस जाऊ द्यावेत हे औषधाच्या वेष्टणावर लिहिले पाहिजे, आणि तसा काळ शास्त्रीय रीतीने ठरलेला नसेल तर मांसासाठी तो किमान २८ दिवसांचा असावा. पक्ष्याचे आयुष्य चाळीस दिवसांचे, त्यात विसाव्या दिवशी रोग आला तर २८ दिवस थांबायचे कोणी आणि खाद्याचा खर्च सोसायचा कोणी? करारात याचे उत्तर नसते. नियम पाळायचा झाला तर शेतकरी बुडतो आणि मोडला तर खाणारा.

मग शेडमध्ये औषध द्यायचेच नाही काय? तसे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. आजारी पक्ष्याला निदानपूर्वक, पुऱ्या मात्रेत, ठरलेले दिवस औषध द्यावेच लागेल. आक्षेप आहे तो निदानाऐवजी दिल्या जाणाऱ्या औषधाला. ई-कोलायचा प्रादुर्भाव बहुधा आधी दुसरे काहीतरी बिघडल्यावर होतो: तूस ओले राहून अमोनियाचा उग्र वास सुटतो, वैशाखात शेड तापते, दाटी होते, पिण्याचे पाणी दूषित असते किंवा मानमोडीची लस वेळेवर टोचलेली नसते. वारा खेळता ठेवणे, तूस वरखाली करून कोरडे राखणे, पाण्याची टाकी धुणे, दोन बॅचमध्ये शेड काही दिवस रिकामे ठेवून चुना मारणे ही कामे औषधापेक्षा कष्टाची आहेत, आणि करारात कष्टाला भाव नाही. कोंबडखत ताजेच वावरात न फेकता ढीग लावून नीट कुजविले तर उष्णतेने पुष्कळ जिवाणू मरतात. मांस पुरते शिजविले की त्यातील जिवाणू मरतात, पण कच्चे मांस कापलेल्या विळीवर कांदा-कोथिंबीर चिरली तर शिजविण्याचा उपयोग उरत नाही.

निदानाचे म्हणाल तर अकोल्याला पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे, नागपूरला विद्यापीठ आहे. कोणता जिवाणू आणि कोणत्या औषधाला तो दाद देतो, ही तपासणी मेलेल्या ताज्या पक्ष्यावरून होऊ शकते. अडचण अंतराची आणि वेळेची आहे: मानोऱ्याच्या एखाद्या खेड्यातून मेलेली कोंबडी बर्फात घालून अकोल्याला न्यायची, अहवालाची वाट पाहायची, आणि तोवर शेडमधील मरतूक मोजत बसायचे. म्हणून तपासणीची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी, शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्याशी जोडलेली आणि लहान पालकाला विनामूल्य असावी, ही मागणी जिल्हा परिषदेत लावून धरण्यासारखी आहे.

तोवर एक गोष्ट कार्यकर्त्यांना उद्यापासून करता येईल. आपल्या गावातील शेडवाल्यांकडे जाऊन करारनाम्याची प्रत पाहावी. खाद्यात कोणते औषध आहे हे लेखी सांगण्याचे बंधन त्यात कंपनीवर आहे का, औषधानंतर थांबावे लागणाऱ्या दिवसांचा खाद्यखर्च कोणाच्या माथी आहे, हे वाचून घ्यावे. बहुतेक ठिकाणी प्रतच शेतकऱ्याजवळ नसेल. ती मागण्यापासून सुरुवात करावी, आणि दरम्यान शाळेच्या साध्या वहीत पुडीचे नाव, तारीख, मात्रा आणि त्या दिवशीची मरतूक लिहून ठेवण्यास त्याला सांगावे. सुपरवायझर पुडी देऊन वेष्टण परत नेत असेल, तर तेही त्या वहीत लिहावे.